काकूंसाठी केलेले डोनट

आमच्या घरात अंडं मांसाहारात धरत नाहीत. सोमवारी, चतुर्थीला खात नाही तेवढं पाळतो. पण एरवी मासेवाली पूर्णगडहून आली नाही, बंदरावर जायचा कंटाळा आला, की नाइलाजाने करायचं कालवण ते अंड्याचं. बहिणीने फोनवर "आज काय केलंस?" म्हणून विचारलं तर मी सांगते, "काही नाही गो, अंडी." माशापुढे अंड्याला आमच्याकडे एवढीच किंमत. हे आधी सांगून ठेवलं म्हणजे माझ्या हातून जे झालं ते कसं झालं हे कळेल. त्यातून मी सुटते असं मात्र नाही.

दगडी गडग्यापलीकडे काकूंचं घर. ऐंशीला टेकल्यात, एकट्या राहतात, माहेर मुरुडचं. यजमान शिक्षक होते, ते जाऊनही बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्यात. काकूंच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूणही येत नाही, मग अंड्याचं तर नावच नको. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा काकू आमच्याकडे येत, तासन्‌तास बसत, पाणी पीत, फार तर एखादं केळं घेत, पण शिजवलेल्याला हात लावत नसत. मला तेव्हा भयंकर राग यायचा. पाणी चालतं आणि पोहे चालत नाहीत, हे कुठलं शास्त्र, असं मी ह्यांना तावातावाने विचारायचे. हे म्हणायचे, "मला काय विचारतेस? गडग्यापलीकडे विचार." तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

मग एका वर्षी काकूंना तापाने धरलं. उठवेना, पाणीही घेववेना. मुलगा परदेशी गेलेला. मी बाजारात जाऊन नवीकोरी भांडी आणली: एक पातेलं, एक कढई, डाव, झारा, दोन डबे. त्यात मऊभात केला आणि त्यांच्या दारात उभी राहून मोठ्याने म्हटलं, "काकू, भांडी नवी आहेत हो. माशाचा संबंध नाही."

काकू अंथरुणातून म्हणाल्या, "नसती आणलीस तरी खाल्लं असतं गो. पण आणलीस ते बरं केलंस."

त्या दिवसापासून त्या माझ्या हातचं खायला लागल्या. ती भांडी मी फळीवर सगळ्यात वर ठेवली आणि त्यांना आमच्याकडे 'काकूंची भांडी' असंच नाव पडलं. ह्यांनी एकदा चहाला ते पातेलं काढलं तर मी त्यांच्या हातातून ओढून घेतलं होतं. मला त्या भांड्यांचा अभिमान होता, हे कबूल करायला हवं. जातायेता कुणीही भेटलं की मी सांगायचे, काकू माझ्याकडचं खातात.

काकूंच्या तळणाची आमच्या आळीत ख्याती. घारगे, अनारसे, तळलेले गरे, गणपतीत तळणीचे मोदक. मोदक त्या सगळ्या आळीला पुरतील एवढे करायच्या. यंदा गणपतीत कढईतलं तेल उडालं आणि त्यांच्या मनगटावर हा एवढा फोड आला. मुलगा त्याच वेळी इथे होता, त्याने पाहिलं. पुण्याला परत गेल्यावर त्याने एअर फ्रायर पाठवून दिला आणि फोनवर बजावलं, आता कढई बंद. या यंत्रात तुला जमलं तर राहा, नाहीतर दिवाळी झाली की मी न्यायला येतो, घराला कुलूप लावू.

काकू गडग्याशी येऊन मला हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "पुण्यात मी काय करू? समोरच्या दारातल्या बाईशी बोलायचं तर बेल वाजवायची म्हणे आधी. आणि सकाळी उठून जायचं कुठे? इथे निदान आगरात दोन नारळ पडलेले असतात, ते उचलायला तरी जाते."

"न्यायला येतो म्हणजे काय? तुम्ही काय पार्सल आहात?" मला राग आला की मी असलं काहीतरी बोलते. "त्या यंत्रात काही नाही हो काकू. मी शिकवते तुम्हाला. माझ्याकडे आहे तसलाच."

होताच माझ्याकडे. लेकीने दिलेला. मी त्यात बांगडे भाजते. तेल चमचाभर लागतं आणि घरभर धूर होत नाही. पण काकूंना काय करून दाखवावं? वांग्याचे काप, पापड, हे काही दाखवण्यासारखं नव्हे. त्यांना थक्क करायचं होतं मला. एकदा आम्ही दोघी एसटी स्टँडवरून येताना बेकरीच्या काचेत डोनट मांडलेले बघून त्यांनी विचारलं होतं, "अगो, हे मेदुवडे गोड असतात काय?" मी रस्त्यात उभी राहून हसले होते. तर डोनटच करायचे ठरवले.

आणि इथे मी जे काय केलं ते ऐका. आदल्या दिवशीच बांगडे झाले होते. म्हणून मी फ्रायरची टोपली गरम पाण्यात बुडवून ठेवली, साबणाने घासली, चिंचेने घासली, लिंबाची फोड फिरवली, मग अंगणात उन्हात पालथी घातली. मांजर हुंगायला आली तर तिला हाकललं आणि पुन्हा धुतली. नुसतं यंत्र गरम करून नाक आत घालून पाहिलं. ह्यांना बोलावून त्यांनाही हुंगायला लावलं. वर आत बटर पेपर घातला, म्हणजे काकूंचं खाणं टोपलीला टेकायलाच नको. माशाचा कणसुद्धा त्यांच्या तोंडी जाता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात.

मग फळीवरून काकूंचं पातेलं काढलं. मोबाइल डब्याला टेकवून व्हिडिओ लावला. यीस्ट नको, पीठ फुगायची वाट बघायला नको, झटपट होणारे डोनट. त्यातली बाई सांगत गेली आणि मी करत गेले. मैदा, पिठीसाखर, बेकिंग पावडर, मिठाची चिमूट, वितळवलेलं लोणी, थोडं दूध. मग ती बाई म्हणाली, एक अंडं. मी फ्रिजमधून अंडं काढलं, पातेल्याच्या काठावर टक्‌ करून फोडलं आणि आत सोडलं. टरफल केराच्या डब्यात टाकलं, हात धुतला, पीठ मळलं. एका क्षणालाही मन अडखळलं नाही. त्याच पातेल्यात, जे मी ह्यांना चहालाही देत नाही.

वाटीने गोल पाडले, बाटलीच्या झाकणाने मधली भोकं. सात-आठ मिनिटांत असे टम्म फुगले की मीच स्वतःवर खूश झाले. वर पिठीसाखर दुधात कालवून सोडली. डब्यात भरले आणि गडग्यावरून हाक मारली. काकूंनी डबा दोन्ही हातांनी घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "घरी नेते. सावकाश बसून खाते."

तासाभराने त्या आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. चेहरा उजळलेला. "अगो, काय हे! आत कापूस, कापूस नुसता! आणि तेल नाही म्हणतेस? हे त्या पेटीत होतं? मग मी कशाला जाते पुण्याला! उद्या मला सांग सगळं. मी करते, फोटो काढून पाठव माझ्या लेकाला."

त्या गेल्यावर मी बराच वेळ गुणगुणत होते.

संध्याकाळी ह्यांनी ऑम्लेटसाठी फ्रिज उघडला. "यातलं एक अंडं कुठे गेलं गो? सकाळी तर होतं."

मी कोथिंबीर निवडत होते. हातातली काडी हातातच राहिली. मी खुर्ची ओढून खाली बसले. ह्यांना वाटलं मला चक्कर आली.

सगळं सांगितल्यावर हे हसले. "अगं, एका अंड्याने काय होतंय? बेकरीतली नानकटाई, लग्नातला केक, कशाकशातून जन्मभर गेलं असेल त्यांच्या पोटात. आणि त्यांना कळलंय का? नाही ना? मग झालं तर."

मला असा संताप आला ह्यांचा. बेकरीवाल्यावर काकूंनी विश्वास टाकला नव्हता. माझ्यावर टाकला होता. त्यांना कळलं नाही म्हणून ते घडलं नाही, असं कसं होईल? कळलं असतं तर त्यांनी खाल्लंच नसतं, कळलं नाही म्हणून तर घडलं. पण हेही खरं की ह्यांच्या त्या बोलण्याचा मी दुसऱ्या दिवशी आडोसा घेतला. सकाळी काकू कागद-पेन्सिल न घेता, नुसत्या कान देऊन समोर बसल्या. त्यांना आयुष्यात कुठलीही कृती लिहून घ्यावी लागली नव्हती. मी मैदा सांगितला, साखर सांगितली, बेकिंग पावडर, लोणी, दूध सांगितलं. आणि थांबले.

"मग?" काकू म्हणाल्या.

"मग काय, मळायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

खोटं बोलायला मला आदल्या रात्रीपासून शब्द सापडत नव्हते, आणि आता बघते तर एकच शब्द पुरला.

काकूंचे डोनट बिघडले. बिघडणारच होते. पीठ कोरडं झालं, फुगलं नाही, यंत्रातून निघाले ते शंकरपाळ्यासारखे कडक. काकू मला दाखवायला आल्या नाहीत. मीच गेले तेव्हा ताट झाकून ठेवलेलं दिसलं. मी म्हटलं, थोडं दही घालून बघा. घरी येऊन मीही दही घालून केले, दूध वाढवून केले, केळं कुस्करून केले. ह्यांनी ते मुकाट्याने चहाबरोबर संपवले, ही त्यांची शिक्षा. काही अगदीच वाईट नव्हते. पण त्या पहिल्यासारखा एकही नव्हता, आणि काकूंना तोच हवा होता. "जिभेला कळलंय ना आता," त्या म्हणायच्या, "मग हात तिथवर पोचायला नको?" दह्याचे त्यांचे चिवट झाले. त्या दिवशी त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. चुलीवरच्या, स्टोव्हवरच्या, गॅसवरच्या, सगळ्या कढया ज्या बाईच्या मुठीत होत्या तिला एका प्लॅस्टिकच्या पेटीने हरवलं होतं. आणि ते पेटीने केलं नव्हतं, मी केलं होतं.

मग एका दुपारी काकू गडग्याशी आल्या. हातात त्यांची मोठी पितळी परात आणि मोदकांचा झारा, पन्नास वर्षांचा. घासून लख्ख केलेला. "हे तुझ्याकडे ठेव," म्हणाल्या. "सुनेकडे सगळं आहे, तिथे हे नेऊन काय करू?"

"कुठे चाललात तुम्ही?"

"लेकाला सांगितलं काल. ये म्हटलं न्यायला. हात गेला गो माझा. तो फोड आला तेव्हा वाटलं, तेल उडतंच कधीतरी. पण सांगितलेलं चार जिनसांचं साधं पीठ जमत नाही म्हणजे संपलंच की. उद्या गॅस उघडा राहील. त्याचं काही चुकत नाही."

मी परात घेतली नाही. हात मागे घेतले. काकूंना ते विचित्र वाटलं असणार. "उद्या मी येते," मी म्हटलं. "तुमच्या स्वयंपाकघरात, तुमच्यासमोर करते. काय चुकतंय ते बघू." आणि मनाशी ठरवलं, उद्या सांगायचं. काय व्हायचं ते होवो. त्यांचं सोवळं मोडलं ते मोडलंच, ते मला परत देता येणार नाही. पण हात गेला नाही हे तरी त्यांना कळू दे. पुन्हा माझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत तरी चालेल, घर सोडून जायला नकोत.

दुसऱ्या दिवशी न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून गेले. जशी मी त्यांच्याकडच्या पूजेला जाते तशी. काकूंनी ओट्यावर सगळं मांडून ठेवलं होतं. त्या बाजूला स्टुलावर बसल्या, चष्मा पुसून घातला आणि माझ्या हातांकडे बघायला लागल्या. मैदा, बेकिंग पावडर चाळताना मी सांगणार होते. साखर घातली, तेव्हा सांगणार होते. लोणी घातलं. मग ती जागा आली जिथे व्हिडिओतली बाई बोलली होती, आणि मी दूध ओतलं. हात मळत राहिले.

यंत्राची घंटा वाजली. काकूंनी स्वतः टोपली ओढली, एक डोनट उचलला आणि ओट्यावर आपटला. टण्‌ असा आवाज आला.

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मग हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगो, तुझाही चिरा झाला! गडग्याला लाव! बघ, मी म्हणत होते ना, काहीतरी वेगळंच आहे. हल्ली मैदाच धड येत नाही. माझा हात गेला नाही गो!"

आणि त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. लेकाला सांगितलं, येऊ नको. हिचे पण बिघडले, आणि ही माझ्याहून किती लहान. पिठाचा दोष आहे. मी कुठे येत नाही, दिवाळीला तूच ये सगळ्यांना घेऊन, मी या पेटीत घारगे करून बघणार आहे. पलीकडून तो काहीतरी बोलत होता, पण काकूंनी फोन ठेवून दिला. त्यांच्या आवाजाला पुन्हा धार आली होती.

मला रडू फुटलं. मी नाही म्हणत असतानाही फुटलं. काकूंना वाटलं डोनट बिघडले म्हणून. त्या उठल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला, मी पोर असल्यासारखा. "वेडी का काय तू? एवढंसं बिघडलं तर रडतात का? माझे पहिले अनारसे तुपात असे विरघळले होते, की सासूबाईंनी तूपच गाळून घेतलं. बस, चहा करते." चहा केला. त्या दगडांतला एक डोनट चहात बुडवून त्यांनी सगळा खाल्ला, माझ्या देखत, मला बरं वाटावं म्हणून. "चहात चांगला लागतो हो," म्हणाल्या.

आता त्या जाणार नव्हत्या. आता सांगायला कुठली अडचण नव्हती. कप खाली ठेवला आणि म्हटलं, "काकू, त्या दिवशीच्या डोनटांत..."

"ते अमृत होते गो," काकू म्हणाल्या. "तुला एक सांगू? हसशील. त्या दिवशी घरी नेले ना, तर आधी बाळकृष्णापुढे ठेवले. दुसऱ्याच्या घरचं शिजवलेलं मी जन्मात देवाला दाखवलं नव्हतं. सासूबाई असत्या तर मला घराबाहेर काढलं असतं. पण तू माझ्यासाठी किती जपून करतेस, मला काय ठाऊक नाही? ती टोपली अंगणात घासत होतीस, मी खिडकीतून बघत होते. म्हटलं, एवढ्या मायेने केलंय, मग यात सोवळं कमी कुठे? आणि तोही रोज दूधसाखर खाऊन कंटाळला असेल. लहानच आहे तो. पोरांना आवडतं असलं काहीतरी."

मी देवघराकडे बघितलं नाही. माझी छातीच झाली नाही. एका माणसाचा गुन्हा केला म्हणून मी इतके दिवस जळत होते, आणि ही बाई माझ्या त्याच हातांच्या भरवशावर देवालाही त्यात घेऊन बसली होती.

"काय म्हणत होतीस? त्या डोनटांत काय?"

"जायफळ," मी म्हटलं. "जायफळ घातलं होतं. सांगायचं राहून गेलं."

"तरीच!" काकूंनी मांडीवर थाप मारली. "मी म्हणतच होते, काहीतरी राहिलंय तुझ्या सांगण्यातून." आणि त्या गुडघ्यावर हात देत उठल्या, फळीवरचा डबा काढला आणि जायफळ शोधायला लागल्या. पहिला झाला की बाळकृष्णापुढेच ठेवते, म्हणाल्या. थोड्या वेळाने सहाणेवर उगाळल्याचा आवाज यायला लागला, आणि मी तिथेच रिकाम्या कपासमोर बसून राहिले.